डोडोच्या शरीराच्या आत

नामशेष झालेल्या पक्ष्यांत डोडोइतकी प्रसिद्धी क्वचितच कुणाला लाभली असेल. मात्र त्याच्या शरीराच्या आत काय होते, याविषयीची माहिती विलक्षण तुटपुंजी आहे. मॉरिशस बेटावर डच खलाशी १५९८ साली उतरले आणि १६६२ सालची नोंद ही डोडोची अखेरची मानली जाते. त्याचे हृदय, यकृत, आतडी यांपैकी काहीही जतन झालेले नाही. मऊ ऊती शिल्लक आहेत त्या केवळ ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील एका डोक्यावर. बाकी सारा आधार हाडांचा. तीही मोठ्या संख्येने हाती आली ती १८६५ साली, मार ओ साँज या दलदलीतून.

डोडो हा मुळात कबुतराच्या कुळातला. २००२ साली झालेल्या जनुकीय अभ्यासात निकोबारी कबुतर हा त्याचा हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक ठरला. उडणाऱ्या कबुतराच्या उरोस्थीवर नावेच्या तळासारखा उंच कंगोरा असतो व पंख हलविणारे स्नायू त्यालाच जोडलेले असतात. डोडोत हा कंगोरा खुजा राहिला आणि पंखांची हाडे आखडली. याउलट पायांची हाडे चांगलीच दणकट झाली. पक्ष्यांना दात नसल्यामुळे अन्न भरडण्याचे काम पेषणी करते. डोडोच्या पेषणीतील दगडांचा उल्लेख जुन्या लिखाणात आढळतो. लंडनमध्ये १६३८च्या सुमारास पाळलेल्या एका डोडोला खडे गिळताना पाहिल्याचेही वर्णन आहे.

डोडोचा लठ्ठपणा ही बरीचशी चित्रकारांची देणगी! शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८६६ साली सांगाड्याची मांडणी केली ती एका जुन्या चित्राच्या बाह्यरेषेत हाडे बसवून. साहजिकच पक्षी बुटका आणि बेढब दिसू लागला. १८६९ साली त्यांनी स्वतःच ही चूक सुधारून त्याला अधिक ताठ उभे केले. (डोडोचे एक विश्वासार्ह चित्र मोगल दरबारातील मन्सूरच्या नावावर सांगितले जाते, आणि पीटर मंडी या प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद आहे.)

मूर्खपणाचा शिक्काही असाच. २०१६ साली कवटीच्या सीटी स्कॅनवरून मेंदूची त्रिमिती प्रतिकृती तयार करण्यात आली. शरीराच्या मानाने हा मेंदू कबुतरांइतकाच निघाला. शिवाय गंधज्ञानाशी निगडित भाग इतर कबुतरांपेक्षा मोठा आढळला. जमिनीवरची फळे हुंगून शोधण्यास त्याचा उपयोग होत असावा. २०१७ साली हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. पिल्ले ऑगस्टच्या सुमारास जन्मत आणि चक्रीवादळांचा हंगाम येण्यापूर्वी झपाट्याने वाढत, असे अनुमान त्यावरून निघाले.

ऑक्सफर्डच्या त्या डोक्याचेही पुढे स्कॅनिंग झाले. हा पक्षी लंडनमध्ये लोकांना दाखविण्यासाठी पाळलेला असावा, असा समज होता. २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, त्याच्या डोक्याच्या मागील भागात बंदुकीचे शिशाचे छर्रे सापडले.