अंगावरून वारं गेलं

१९७४ साली कराडजवळच्या आमच्या गावी आजोबांच्या "अंगावरून वारं गेलं". घरच्यांनी पारव्याचं रक्त चोळलं आणि नशिबाला बोल लावला.

खरं तर हा वारा नव्हेच. स्वित्झर्लंडच्या वेप्फरने १६५८ मध्येच मेंदूतल्या रक्तस्रावाकडे बोट दाखवलं होतं. पण रक्तस्राव की गुठळी, हे जिवंत माणसात दिसू लागलं ते १९७१ मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाल्यावर. गुठळी विरघळवणारं औषध १९९५ मध्ये सिद्ध झालं, तेही तीन तासांच्या आत दिलं तर! २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली.

म्हणूनच न्यूझीलंडमध्ये २०१६ साली 'फास्ट' मोहीम निघाली. चेहरा वाकडा, हात लुळा किंवा बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच १११.

२०१८ मध्ये अप्पर हटच्या आमच्या घरी ह्यांच्या हातून चहाचा कप निसटला. "जरा पडतो, बरं वाटेल," म्हणाले, तेही अडखळत. मी ऐकलं नाही, फोन लावला. आज ते चालतात, बोलतात. शर्टाची बटणं लावायला तेवढा वेळ लागतो.

आजोबांना ते तास मिळालेच नाहीत. आपल्याला मिळतात, ते दवडू नका. रक्तदाब तपासत राहा, आणि लोणच्या-पापडावर जरा हात आखडता!