जीपचे उंच बॉनेट आणि इंजिनाचा श्वास

१/ दुसऱ्या महायुद्धातील जीपचे बॉनेट बसके होते. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके दिसलेल्या महिंद्राच्या जीपचे मात्र उंच. या फरकामागे इंजिनाची शक्ती वाढविण्याचा इतिहास आहे.

२/ अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीचे जुने चार सिलिंडरचे इंजिन सुमारे ४८ अश्वशक्ती देत असे. १९३८ मध्ये मुख्य अभियंता म्हणून आलेल्या बार्नी रूस यांनी त्याच इंजिनातून ६० अश्वशक्ती मिळवली. हलके पिस्टन, कणखर मिश्रधातू आणि काटेकोर जुळणी ही त्यांची साधने होती. हेच युद्धकाळातील ‘गो डेव्हिल’.

३/ तरीही एक मर्यादा उरली. इंधनमिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे इंजिनाचा श्वास कोंडत असे. १९५० च्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेला. आकारमान तेच, २.२ लिटर; शक्ती मात्र ७२ अश्वशक्ती.

४/ परंतु इंजिनाची उंची वाढली. ते सामावण्यासाठी १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट उंचावले गेले. महिंद्राने परवान्याखाली भारतात दीर्घकाळ बनविली ती हीच घडण.

५/ म्हणून १९४२ च्या आंदोलनावरील चित्रपटात उंच बॉनेटची जीप दिसली, तर तो कालविपर्यास होय. उलट निष्कर्ष मात्र घाईने काढू नये: १९४९ पासूनची सीजे-३ए ही नागरी जीपही बसक्या बॉनेटचीच होती. तेव्हा केवळ बसके बॉनेट पाहून छायाचित्र युद्धकाळातील ठरवता येत नाही.