पणजीच्या वाट्याला न आलेली दावणी

माझ्या पणजीनं आयुष्यात कधी दावणी नेसली नाही. दावणी नेसायचं वयच तिच्या वाट्याला आलं नाही. नवव्या वर्षी लग्न, न्हाण आल्यावर सासरी पाठवणी, आणि अंगावरचं परकर-पोलकं उतरलं ते थेट नऊवारी लुगड्यासाठी. आमचं घर तंजावरचं. व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या राजवटीत तिकडे जाऊन राहिलेल्या देशस्थांपैकी आम्ही एक. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. शेजारच्या अय्यरांकडे भाषा वेगळी, पण मुलींचं नशीब तेच. त्यांच्या मुली पावाडैतून निघायच्या त्या मडिसारमध्ये, म्हणजे त्यांच्या नऊवारीत, शिरायच्या.

तमिळ मुलीच्या कपड्यांचे टप्पे तिकडे कुणालाही पाठ असतात. लहानपणी पावाडै-सट्टै, म्हणजे घोळदार परकर आणि झंपर. लग्नानंतर साडी. या दोहोंच्या मध्ये पावाडै, चोळी आणि वरून दावणी: साधारण तीन वार कापड, एक टोक कमरेला खोचलेलं, दुसरं डाव्या खांद्यावरून मागे सोडलेलं. आजच्या लेखांत या मधल्या टप्प्याला ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणायची पद्धत पडली आहे. आजीनं सांगितलेल्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे मला ते पटत नाही. न्हाण येणं आणि लग्न होणं यांच्या मधली वर्षं ज्या घरातल्या मुलीला मिळाली, त्याच घरात दावणीला जागा होती.

कावेरीच्या खोऱ्यातल्या शेतकरी घरांत ती होती. तिथे मुलींची लग्नं न्हाण आल्यावर होत. मुलगी वयात आली की ‘मंजळ नीराट्टु’, म्हणजे हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घालण्याचा सोहळा होई. मामा ताटं भरभरून आहेर आणी आणि त्या आहेरातलं वस्त्र मुलगी नेसे. उडदाच्या पिठाची, गूळ आणि तिळाचं तेल घातलेली कळी तिला रोज खाऊ घालत, कंबर घट्ट व्हावी म्हणून. आता घरात लग्नाची मुलगी आहे, हे गावाला कळवायची ती रीत होती. आमच्या अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, बायका हे सगळं दुरून पाहत. त्यांच्या मुलींची लग्नं तोवर कधीच उरकलेली असत.

मग शारदा कायदा आला. 1929 साली तो मंजूर झाला, 1 एप्रिल 1930 पासून लागू होणार होता, आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय त्यानं 14 वर्षं ठरवलं. मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. कायदा लागू व्हायच्या आत मुली उजवून टाकायच्या म्हणून मिळेल तो मुहूर्त धरला गेला. आजीची थोरली बहीण त्या झुंबडीत गेली. अकरा वर्षांची होती. आजी सांगायची, ताईचं लुगडं इतकं मोठं होतं की मांडवात तिला उचलूनच आणावं लागलं. आजी धाकटी, तिच्यासाठी स्थळ जमायच्या आत एप्रिल उजाडला. पणजोबा कायद्याला घाबरणारे गृहस्थ होते. त्यांनी निमूटपणे तिला शाळेत ठेवलं.

आणि तिथे घरापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली: या मुलीला घालायचं काय? ती आता लहान नव्हती आणि तिचं लग्नही झालेलं नव्हतं. अशी मुलगी आमच्या घरात याआधी कुणी पाहिलीच नव्हती. शेवटी पणजीनं मागच्या दारानं येणाऱ्या दूधवालीला विचारलं. दूधवालीच्या मुली दावणी नेसत. तिनंच खोचायचं कसं, खांद्यावर चुण्या किती घ्यायच्या हे आमच्या परसात आजीला शिकवलं. आजी शेवटपर्यंत त्या बाईंचं ऋण मानत असे. दुसरं नाव ती आदरानं घेई ते सिस्टर सुब्बलक्ष्मींचं. त्या बालविधवा होत्या. 1911 साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून पदवी घेऊन त्यांनी विधवा मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहिलं. आजीच्या मते तिच्या अंगावरच्या त्या तीन वारांत या दोघींचा वाटा सारखाच होता.

दक्षिणेला आणखी खाली गेलं की याच कापडाची गोष्ट वेदनेची होते. मला तमिळ शिकवणाऱ्या बाई नागरकोविलच्या. तो भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता, 1956 साली आजच्या तमिळनाडूत आला. तिथल्या नाडार जातीच्या बायकांना छाती झाकायची मनाई होती, उच्चवर्णीयांसमोर उघडं राहणं हाच आदर समजला जाई. मिशनरी शाळांत शिकलेल्या, ख्रिस्ती झालेल्या बायकांनी कुप्पायम नावाचा झंपर घालायला सुरुवात केली, मग वरून कापडही घेऊ लागल्या. बाजारात त्यांची वस्त्रं फाडली गेली, घरं आणि शाळा जाळल्या गेल्या. हा संघर्ष एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेटत-विझत राहिला. 1859 साली महाराजांनी जाहीरनामा काढून वस्त्र घ्यायची परवानगी दिली, तीही उच्चवर्णीय बायकांसारखं घ्यायचं नाही या अटीवर. बाई हे वर्गात शिकवत नसत. एकदा माझी दावणी खांद्यावरून घसरली आणि मी ‘कटकट आहे नुसती’ म्हणाले, तेव्हा त्यांनी मला बाजूला बसवून हे सांगितलं. दावणीवरचा माझा राग त्यानं गेला नाही. पण त्या कापडाला पुन्हा कधी मी नुसती कटकट म्हटलं नाही.

दावणीचे खरे भरभराटीचे दिवस आत्यांचे. पन्नास ते सत्तर, ही दोन दशकं. थोरल्या आत्याची रेशमी पावाडै अजून आमच्याकडे आहे. गडद जांभळ्या-गुलाबी रंगाची, त्या रंगाला तिकडे ‘वाडामल्लि’ म्हणतात. काठ कोर्वै पद्धतीचे: अंग आणि काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवलेले, मागावर दोन माणसं लागतात. तिच्या खालच्या बाजूला आडव्या पुसट रेघा दिसतात. त्या टकांच्या. शिंपी पावाडै मुद्दाम लांब बेतायचा आणि जास्तीचं कापड आत दुमडून टक घालायचा. दर दिवाळीला एक टक उसवला जाई. दुमडीतलं कापड उन्हापाण्यापासून वाचलेलं, म्हणून रंगानं गडद. त्या पट्ट्यांवरून आत्या कोणत्या वर्षी किती उंच झाली ते आजही सांगता येतं. एकाच रेशमात एवढी वर्षं निभावून नेणारी ही शिवण मला त्या पोशाखातली सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते, जरीकाठांपेक्षाही.

सणाला नटणं मात्र मन लावून असे. वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या सुईदोऱ्यानं ओळीत शिवायच्या, मध्ये केवड्याची पात, कडेला अबोली. हे काम दुपारभर चाले आणि मुलीला मान हलवू देत नसत. नवरात्रात त्याच थाटात मुली घरोघर गोलूचं, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीचं, आमंत्रण द्यायला जात, कुंकवाचा करंडा हातात घेऊन.

धाकट्या आत्याच्या वेळी नायलॉन आलं. 1969 साली ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ लोकांनी मद्रासला बर्मा बाजार थाटला, तिथून तिला परदेशी नायलॉनची दावणी आली. वाळायला पाच मिनिटं, इस्त्रीची गरज नाही, पण खांद्यावर ठरायचं नाव नाही. सेफ्टीपिना लागल्या. त्यांच्या भोकांनी चोळ्या फाटल्या, आणि आजी नायलॉनला नावं ठेवत राहिली.

1977 साली ‘पदिनारु वयदिनिले’ आला. भारतीराजांचा तो पहिला चित्रपट. त्यातली श्रीदेवीची मयिल साध्या पावाडै-दावणीत वावरते, आणि माझ्या वयाच्या सगळ्या मुलींना आरशात मयिल दिसू लागली. पडद्यावरची दावणी तेव्हापासून गावाकडच्या निरागस मुलीची खूण झाली. याचा मला आजही त्रास होतो. आमच्या सरकारी शाळेत वरच्या वर्गांचा गणवेश दावणीच होता. आम्ही ती सावरत बस पकडायचो, प्रयोगशाळेत बर्नरपासून पदर जपायचो, खो-खो खेळताना ती कमरेला करकचून बांधायचो. निरागसपणाचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढे चुडीदार आला. सलवार-कमीजला तमिळनाडूत सरसकट चुडीदारच म्हणतात. आधी कॉलेजात, मग शाळांच्या गणवेशात. माझ्या मुलीनं दावणी फक्त लग्नाकार्यात नेसली. तिला सायकल मारता आली, धावता आलं, आणि मी मनापासून सुखावले. खांदा सावरण्यात गेलेला माझा वेळ तिला परत मिळाला होता.

आता दावणी समारंभाची झाली आहे. पोंगलला कॉलेजच्या मुली हौसेनं नेसतात. दुकानांत ‘हाफ सारी सेट’ टांगलेले असतात, भरतकाम आणि टिकल्यांनी जड. कांजीवरमच्या जरीसाठी पूर्वीपासून नाव घेतलं जायचं ते सुरतचं. आता अख्खं कृत्रिम कापडही तिथून येतं. वयात आल्याच्या सोहळ्याचे मुलीच्या फोटोसह मोठे फलक चौकात लागतात. ते पाहिले की मला संताप येतो. ज्या पोशाखाला आजीच्या चार वर्षांच्या शाळेची आठवण आहे, तो त्या फलकांवर पुन्हा लग्नाच्या बाजाराची पाटी होतो.

भावाची नात यंदा तेरा वर्षांची झाली. फलक नाही, हॉल नाही, हे तिनंच बजावलं. उडदाची कळी आवडीनं खाल्ली. नवरात्रात गोलूसाठी दावणी हवी, असंही तिचंच म्हणणं. मी कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमचं रेशीम घेतलं आणि शिंप्याला तीन टक घालायला सांगितले. आता कोण टक घालतं, असं म्हणत त्यानं तिलाच विचारलं, “पुढच्या वर्षी हीच नेसशील का?”

“नेसेन,” ती म्हणाली, “पण खिसा लावून द्या.”

त्यानं उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा लावून दिला.