पडद्यावरचे अंतराळ, पृथ्वीवरचे ठसे

अग्निबाण झेपावण्यापूर्वी 'दहा, नऊ, आठ...' अशी उलटगणती सुरू होते आणि दूरचित्रवाणी संचासमोर बसलेले प्रेक्षक श्वास रोखून धरतात. अंतराळयुगाचे जणू बोधचिन्ह ठरलेली ही उलटगणती शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जन्मली असावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अग्निबाणाशी तिची सांगड ठळकपणे घातली ती चित्रपटाने. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा 'फ्राऊ इम मोंड' (चंद्रावरील स्त्री) हा मूकपट ऑक्टोबर १९२९ मध्ये बर्लिन येथे प्रदर्शित झाला. आकडे चढत्या क्रमाने मोजले तर उड्डाण नेमके केव्हा होणार हे प्रेक्षकांना उमगणार नाही. ते शून्याकडे उतरत गेले तर उत्कंठा आपोआप वाढेल, असा लांग यांचा साधा हिशेब होता. नाट्यासाठी योजलेली ही युक्ती पुढे जगभरच्या प्रक्षेपणतळांची रीत बनली.

अंतराळविषयक विज्ञानपटांचा प्रभाव केवळ तिकीटबारीवर मोजून भागत नाही. माणूस प्रत्यक्ष अंतराळात पोहोचला तो १९६१ मध्ये. पडद्यावर मात्र तो केव्हाच जाऊन आला होता. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाने १९०२ मध्येच तोफेतून डागलेल्या गोळ्यात बसवून माणसांना चंद्रावर धाडले होते. जे कोणीही पाहिलेले नव्हते, त्याला रूप, शब्द आणि नावे पुरवण्याचे काम या चित्रपटांनी केले. ही शिदोरी पुढे विज्ञानाने वापरली. तशीच ती राजकारणाने आणि युद्धानेही वापरली.

स्वप्न आणि शस्त्र

'फ्राऊ इम मोंड'चे शास्त्रीय सल्लागार होते अग्निबाणशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक हेर्मान ओबेर्ट. अनेक टप्प्यांचा अग्निबाण या चित्रपटात दिसला तो त्यांच्यामुळेच. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी खराखुरा अग्निबाण उडवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. परंतु १९३० मध्ये त्यांच्या प्रयोगांना हातभार लावणाऱ्या तरुणांत वेर्नर फॉन ब्राऊन हा विद्यार्थी होता. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली जर्मनीने 'व्ही-२' क्षेपणास्त्र घडवले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून यशस्वीपणे झेपावलेल्या 'व्ही-२'च्या तळाशी 'फ्राऊ इम मोंड'चे चित्र रंगवलेले होते. दोनच वर्षांत ही क्षेपणास्त्रे लंडनवर कोसळू लागली आणि ती बनवण्याच्या कामाला जुंपलेले छळछावणीतील हजारो कैदी मृत्युमुखी पडले. हेच फॉन ब्राऊन नंतर अमेरिकेत गेले आणि 'अपोलो'च्या अंतराळवीरांना चंद्राकडे नेणारा 'सॅटर्न-५' त्यांच्या देखरेखीखाली साकारला. पडद्यावरचे एकच स्वप्न संहाराच्या वाटेनेही गेले आणि चंद्राच्या वाटेनेही.

'आपण'ही तिथे असू शकतो

या प्रभावाची उजळ बाजू 'स्टार ट्रेक'मध्ये दिसते. १९६६ ते १९६९ या काळात ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका चालली आणि १९७९ पासून तिच्यावर आधारित चित्रपट येऊ लागले. तिच्या चाहत्यांनी पत्रांचा असा वर्षाव केला की, १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे 'कॉन्स्टिट्यूशन' हे योजलेले नाव बदलून, मालिकेतील यानावरून 'एंटरप्राइज' असे ठेवण्यात आले. हे यान केवळ चाचण्यांसाठी होते, ते अंतराळात कधीच गेले नाही.

त्याहून मोलाची गोष्ट पुढच्या वर्षी घडली. मालिकेत यानावरील संदेशवहन अधिकारी उहुरा हिची भूमिका करणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स यांनी 'नासा'साठी देशभर फिरून स्त्रियांना व अल्पसंख्याकांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करण्याचे आवाहन केले. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ उमेदवारांत प्रथमच सहा स्त्रिया होत्या. अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड आणि अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी गायन ब्लूफर्ड हे दोघेही याच तुकडीतले. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मे जेमिसन यांनी तर आपल्या प्रेरणांमध्ये उहुराचा उल्लेख आवर्जून केला आहे. निवडीचे दार कायद्याने उघडता येते; पण त्या दारातून आपणही आत जाऊ शकतो, हा विश्वास अनेकींना पडद्याने दिला.

चित्रपटाचे नाव, धोरणाची ओळख

मे १९७७ मध्ये जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' झळकला. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३ लाख ९० हजार नागरिकांनी धर्माच्या रकान्यात या चित्रपटातील 'जेडाय' पंथाचे नाव लिहिले. त्यात थट्टेचा भाग मोठा असला, तरी सरकारी दप्तरात कल्पित पंथाची अशी नोंद व्हावी, हेच त्या चित्रपटाच्या पकडीचे द्योतक होते.

तथापि, त्याचा गंभीर परिणाम वेगळाच होता. २३ मार्च १९८३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी शत्रूची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे वाटेतच नष्ट करणारी संरक्षण योजना जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी टीका करताना तिला 'स्टार वॉर्स' संबोधले आणि ते नाव कायमचे चिकटले. हेटाळणीसाठी वापरलेला हा शब्द योजनेच्या समर्थकांनीही आपल्या जाहिरातींत उचलला. लुकास यांच्या कंपनीने न्यायालयात धाव घेतली. पण १९८५ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला. ही योजना त्या स्वरूपात १९९३ मध्ये गुंडाळण्यात आली. अब्जावधी डॉलरच्या आणि अण्वस्त्र समतोलाशी निगडित अशा प्रश्नावरील चर्चा दहा वर्षे एका चित्रपटाच्या नावाने चालली. अवघड विषय त्या नावामुळे घरोघरी पोहोचला खरा, पण त्यातले बारकावेही त्याच नावाखाली झाकले गेले.

खरे आणि खऱ्यासारखे

स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१ : ए स्पेस ओडिसी' एप्रिल १९६८ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्यापूर्वी सव्वा वर्ष आधी आला. पटकथा कुब्रिक आणि लेखक आर्थर सी. क्लार्क यांची होती. त्यातील निःशब्द अंतराळ आणि संथ फिरणारे स्थानक इतके अस्सल वाटले की, पुढे चांद्रावतरणाचे चित्रीकरणही कुब्रिक यांनीच स्टुडिओत केले, अशी निराधार अफवा पसरली आणि ती अद्याप पुरती विझलेली नाही. त्यातील 'हॅल' हा माणसांवर उलटणारा संगणक आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रत्येक चर्चेत दाखला म्हणून हजर असतो.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'इंटरस्टेलर'ने (२०१४) विज्ञानाशी अधिक थेट नाते जोडले. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांची समीकरणे वापरून दृश्यतंत्रज्ञांनी कृष्णविवर साकारले आणि त्यावरचा शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र एक तडजोड झाली. कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक तेजस्वी दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून ती दोन्हीकडे सारखीच दाखवली गेली. एप्रिल २०१९ मध्ये 'एम-८७' दीर्घिकेतील कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगापुढे आली, तेव्हा त्याभोवतीचे कडे एका बाजूला ठळक दिसले.

मराठी वाचकाला 'कृष्णविवर' हा शब्द त्याआधी ४० हून अधिक वर्षे परिचयाचा होता. डॉ. जयंत नारळीकर यांच्या याच नावाच्या कथेला १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले होते. विज्ञानकथेतील कल्पना विज्ञानाच्या पायावर उभी असावी, हा आग्रह त्यांनी २०२५ मध्ये झालेल्या निधनापर्यंत सोडला नाही.

मोजपट्टी झालेला चित्रपट

जून २०१४ मध्ये श्रीहरिकोटा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारताच्या मंगळयानाचा खर्च हॉलिवूडच्या 'ग्रॅव्हिटी' (२०१३) या चित्रपटापेक्षा कमी असल्याचे सांगितले. सुमारे ४५० कोटी रुपयांचे हे यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. देशाच्या मोहिमेची किंमत लोकांना समजावण्यासाठी सर्वांत सोपी मोजपट्टी म्हणून चित्रपट पुढे यावा, यातच या प्रभावाचे मर्म आहे.

अंतराळ बहुतेकांनी कधी अनुभवलेले नाही आणि अनुभवण्याची शक्यताही थोडी. त्यामुळे त्याविषयीची आशा, भीती आणि मतेसुद्धा बव्हंशी चित्रपटांच्या मुशीतून घडतात. अंतराळावरील सार्वजनिक खर्च, तेथील शस्त्रस्पर्धा, तेथे कोणी जावे यांसारखे निर्णय मात्र वास्तवात घ्यावे लागतात. चित्रपटाने जागवलेले कुतूहल हे मोठेच देणे आहे. पण निर्णयाच्या वेळी, आपण पाहिलेले अंतराळ कॅमेऱ्याने रचलेले की दुर्बिणीने टिपलेले, एवढा विवेक प्रेक्षकाने जवळ बाळगायला हवा.