संयुक्त कुलमुखत्यार

एकाच कुलमुखत्यारपत्राने नेमलेले दोन किंवा अधिक मुखत्यार. पत्रात ‘संयुक्तपणे’ असे असेल, किंवा काहीच खुलासा नसेल, तर सर्वसाधारण नियमाने प्रत्येक व्यवहारावर सर्वांच्या सह्या लागतात. त्यांच्यापैकी एक वारला तर उरलेल्यांचाही अधिकार संपतो. ‘संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे’ असे लिहिले असेल तर कोणीही एकटा काम पुरे करू शकतो.

घोड नदीच्या उगमाकडील आहुपे (ता. आंबेगाव) या महादेव कोळी वस्तीच्या गावात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. सातबारा वडिलांच्या नावे, एक मुलगा पुण्यात, दुसरा मुंबईत. ‘संयुक्तपणे’ लिहिले की दोघांनाही एकाच दिवशी रजा काढून घोडेगावला यावे लागते. मात्र दोन सह्यांची अट ही वडिलांची राखणही असते, म्हणून रोजच्या कामांना स्वतंत्र आणि जमिनीच्या व्यवहाराला संयुक्त अधिकार देणे उत्तम. दस्त करणारा अंथरुणाला खिळलेला असेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार दुय्यम निबंधक घरी येऊनही पत्र प्रमाणित करू शकतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे द्यायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वमंजुरी लागते. मुखत्यार कितीही असले तरी ही अट टळत नाही.

खरी अडचण वडिलांना स्मृतिभ्रंश झाला की येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मती गेली की मुखत्यारीही संपते. म्हणजे घरच्यांना गरज पडते नेमके तेव्हाच कागद निकामी. कलम २०९ मुखत्यारावर मालमत्ता सांभाळण्यापुरती जबाबदारी ठेवते, पण विक्रीचा अधिकार देत नाही. मुखत्याराचे स्वतःचे हित त्या मालमत्तेत गुंतलेले असेल तर कलम २०२ चा अपवाद लागू होतो.

इंग्लंड व वेल्समध्ये १९८५ च्या कायद्याने मती गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र आणले. त्यात अनेक मुखत्यार असल्यास संयुक्त की संयुक्त-स्वतंत्र हे लिहावेच लागे, नाहीतर पत्र त्या कायद्याखाली टिकत नसे. १ ऑक्टोबर २००७ पासून तसे नवे पत्र करता येत नाही, जुनी मात्र चालू आहेत. भारतात असा कायदा नाही. बेशुद्धावस्थेतील किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाचे नातेवाईक संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्याची मागणी करतात. आहुप्याच्या कुटुंबासाठी ते न्यायालय मुंबईत आहे.