लदेणीचा बैल, देवीचा बोकड

वाशीम जिल्ह्यातली दोन तीर्थं शेजारी ठेवली की निवाडा फार लवकर होतो. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, म्हणजे जैनांची अहिंसा. मानोरा तालुक्यात पोहरादेवी, बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. तिथे रामनवमीच्या यात्रेत बोकडाचा बळी देण्याची प्रथा. एकीकडे करुणा, दुसरीकडे अडाणीपणा, अशी वाटणी मग करून टाकली जाते. ती मला मान्य नाही. जनावर माणसाच्या खाली की बरोबरीचं, या प्रश्नाला बंजाऱ्यांच्या तांड्याने फारसं महत्त्व दिलेलं दिसत नाही. जनावराचं आपल्यावर ऋण किती, हे तांडा बघत होता.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जाई. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज फौजेला धान्य पुरवलं तेही बंजाऱ्यांच्या तांड्यांनी. बैलांवरून माल वाहण्याच्या या लदेणीतल्या एका बैलाची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात आहे. त्याला 'हटादिया' म्हणत. त्याच्या पाठीवर कधी गोणी चढत नसे. लाल रेशमाच्या पट्ट्या, घंटा, मानेत आणि पायांत पितळी साखळ्या नि कडी, चहूबाजूंनी लोंबणारे गोंडे अशा थाटात तो तांड्याच्या पुढे चाले. थकल्यावर तो जिथे बसेल, तिथेच त्या दिवसाचा मुक्काम पडे. माणूस आजारी पडो की गुरं, नवस बोलायचा तो त्याच्याच पायाशी. कोणी म्हणेल, हा सारा धंद्याचा हिशेब; बैल कमावतो म्हणून त्याची पूजा. पण धंद्याने फार तर कामाचा बैल जपायला शिकवलं असतं. ज्याने ओझंच वाहायचं नाही त्याच्या मागून अख्ख्या तांड्याने चालावं, हे नफ्यातोट्याच्या वहीत बसत नाही.

बोकडाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो या विचाराच्या वर्मावर बसतो. ज्याने ओझं वाहिलं नाही, नांगर ओढला नाही, त्याचं ऋण कुठून येणार? ऋणावर उभी असलेली नीती त्याला उघड्यावर सोडते. धर्मविधीसाठीच्या पशुहत्येला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 28 नेही मोकळीक दिली आहे. बोकडाला वेदना होते, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. त्यासाठी शिरपूरचा दाखला आणायचीही गरज नाही. संत सेवालाल महाराजांना गोड भोग देण्याची रीत बंजाऱ्यांच्या घरातलीच आहे.

पण ऋणाच्या विचारात एक गोष्ट होती, ती आजच्या कायद्यात हरवली आहे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे लदेणी मोडली आणि बैल मुख्यतः शेतकऱ्याच्या गोठ्यात उरला. 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हाताऱ्या बैलाला मरेपर्यंत जगवावं, हे मला पटतं. मात्र हटादियाला सारा तांडा मानत असे. आता थकलेल्या बैलाचा कडबा एकट्या धन्याने घालायचा, आणि वाशीम तर 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. बैलाने पोसलं ते साऱ्या गावाला, कापूस नेला तो साऱ्या बाजाराला. त्याचं म्हातारपण ज्यांना पवित्र वाटतं, त्यांनी कडब्याच्या पैशात आपला वाटा घातला पाहिजे.