सुक्या पाल्यासाठी घरगुती व्हेपोरायझर घ्यायचंय? ऑर्डर टाकण्याआधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की आटगाव, खर्डी, कसारा पट्ट्यात घरोघरी शिंका आणि खोकला ऐकू येतो. दारात तुळस असते, कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा असतो, शहापूरच्या बाजारात ओवा आणि गवती चहा मिळतो. अशा वेळी मोबाईलवर एक जाहिरात दिसते. टेबलावर ठेवायचं सुबक यंत्र, वर 'ड्राय हर्ब व्हेपोरायझर' असं नाव. सुका पाला आत टाका, बटण दाबा, धूर न होता फक्त अर्क ओढा. आजीचा वाफारा आणि नवं तंत्रज्ञान एकत्र आलं, असं कुणालाही वाटेल.

पण मंडळी, 'व्हेपोरायझर' या एका नावाखाली बाजारात चार-पाच अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. त्यातलं एक घेतल्यावर सर्दीत थोडा आराम मिळेल, एक घेतल्यावर खोलीला वास येईल आणि एक घेतलं तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

आधी जाहिरातीतलं यंत्र

ड्राय हर्ब व्हेपोरायझर पाण्याशिवाय चालतं. आतल्या छोट्या कप्प्यात सुका, बारीक केलेला पाला भरतात. काही यंत्रांत कप्प्याची भिंत तापते आणि पाला तव्यावर भाजल्यासारखा गरम होतो. काहींत गरम हवा पाल्यातून फिरवली जाते. तापमान साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअस ठेवतात, म्हणजे पाला पेटण्याच्या जरा अलीकडे. पाल्यातले तेलकट घटक उडतात आणि ती वाफ नळीतून किंवा फुग्यातून ओढली जाते. यातलं सर्वात प्रसिद्ध यंत्र म्हणजे जर्मनीतल्या टुटलिंगनच्या स्टोर्त्स अँड बिकेल कंपनीचं 'व्होल्कॅनो'. ते २००० साली बाजारात आलं आणि त्याची किंमत आजही शेकडो डॉलरमध्ये आहे.

ही यंत्रं मुख्यतः गांजासाठी बनली, हे उघड गुपित आहे. काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजा मिळतो, तिथे त्यांना रीतसर बाजार आहे. कॅमोमाइल, लॅव्हेंडर, नीलगिरी ही नावं बहुतेकदा जाहिरात सभ्य दिसावी म्हणून जोडलेली असतात.

भारतात मात्र दोन कायदे आडवे येतात. पहिला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस. त्यानुसार गांजा, म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, बाळगणं आणि ओढणं दोन्ही गुन्हा आहे. यंत्र महाग आणि दिसायला छान असल्याने त्यात फरक पडत नाही.

दुसरा कायदा फार लोकांना ठाऊक नसतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा करून केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदी घातली. त्यातली ई-सिगारेटची व्याख्या खूप मोठी आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी एरोसोल तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो, त्याचं नाव आणि आकार काहीही असो. 'न जाळता तापवणारी' उत्पादनंही त्यात नाव घेऊन धरली आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं तेवढी वगळली आहेत. ही व्याख्या शब्दशः वाचली, तर आत तुळस टाकली काय किंवा पुदिना, सुका पाला तापवून ओढायचं यंत्र तिच्यात बसतं.

शिक्षाही किरकोळ नाही. आयात, विक्री, वाहतूक किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशी संकेतस्थळावरून 'फक्त घरासाठी एक' मागवणंही आयातच असते. मेडिकलच्या दुकानात उघड विकलं जाणारं पाण्याच्या वाफेचं सर्दीचं यंत्र वेगळं. या कायद्याचा रोख त्याच्याकडे नाही.

मग १८० अंश लागतात तरी कशाला?

खरं तर लागतच नाहीत, आणि यामागचं शास्त्र मजेशीर आहे. नीलगिरीच्या तेलातला मुख्य घटक सिनेओल साधारण १७६ अंशांना उकळतो. ओव्यातला थायमॉल तर २३२ अंशांच्या आसपास. पाणी १०० अंशांनाच उकळतं. तरीही उकळत्या पाण्यात ओवा टाकला की अख्ख्या घरात वास सुटतो. कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळवला जातो आणि तेल स्वतःच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी आधी पाण्याच्या वाफेवर बसून वर येतं. कनौजचे अत्तरवाले याच तत्त्वावर फुलांचा अर्क काढतात. आजीच्या पातेल्यातही तेच घडतं.

यातून पुढची गोष्ट कळते. ज्या वनस्पतीत उडणारं तेल आहे तीच वाफाऱ्याला उपयोगी. ओवा, पुदिना, तुळस, गवती चहा, नीलगिरी, निर्गुडी या त्यातल्या. गुळवेल त्यात नाही. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली आणि कोरोनाकाळात तिचं नाव सगळीकडे झालं, म्हणून अनेकांनी ती वाफेच्या पाण्यातही टाकली. पण तिचे कडू घटक वाफेबरोबर वर येत नाहीत. पाणी कडू होतं, नाकाला काही मिळत नाही. (गुळवेलीचा काढाही रोज मनानेच पिऊ नये. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यातून यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही, पण यकृताचा आजार असलेल्यांनी तरी आधी डॉक्टरांना विचारावं.)

धोत्रा मात्र कुठल्याच यंत्रात, पातेल्यात किंवा निखाऱ्यावर टाकू नका. दम्यावर धोत्रा ओढायचा प्रकार जुना आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतातूनच ब्रिटनमध्ये पोहोचला आणि तिथे दम्याच्या सिगारेटीही निघाल्या. पण त्यातल्या ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिनचं प्रमाण झाडागणिक बदलतं. जरा जास्त झालं की भ्रम होतो, छाती धडधडते, जीवही जाऊ शकतो. कण्हेरीचंही तसंच, तिचा धूरसुद्धा विषारी.

घ्यायचंच तर कोणतं?

मेडिकलमध्ये तीन-चारशे रुपयांपासून मिळणारा प्लॅस्टिकचा वाफेचा डबा सगळ्यांनी पाहिलेला असतो. यातल्या बऱ्याच डब्यांमध्ये तापणारी पट्टी नसतेच. दोन धातूच्या पट्ट्या पाण्यात बुडलेल्या असतात आणि वीज थेट पाण्यातूनच वाहते. म्हणून तर आरओचं पाणी टाकलं की वाफ येईना होते आणि माहितीपत्रकात 'चिमूटभर मीठ घाला' असं लिहिलेलं असतं. इथेच आपल्या भागाची गंमत आहे. कातळातल्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. त्यात आणखी मीठ टाकलं तर पाणी दणादण उकळतं आणि तोंडावर गरम शिंतोडे उडतात. बोअरचं पाणी असेल तर मीठ घालू नका. आणि लक्षात ठेवा, यंत्र चालू असताना त्या पाण्यात वीज असते. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, बोट घालायचं नाही.

दुसऱ्या प्रकारात पाण्याखाली तापणारी पट्टी असते. पाणी आणि वीज वेगळी राहतात, पाणी संपलं की यंत्र आपोआप बंद होतं. किंमत थोडी जास्त, पण घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर हेच घ्यावं. विकत घेताना बूड रुंद आहे का, धक्क्याने कलंडत तर नाही ना, हे दुकानातच टेबलावर ठेवून बघा. वायर आखूड असेल तर लोक ती ताणून लावतात आणि अपघात तिथेच होतात. पाला मुख्य टाकीत टाकायचा नाही. वर वेगळी वाटी किंवा जाळी असेल तर तिथे ठेवायचा, नाहीतर भोक बुजतं आणि पाणी उसळून बाहेर येतं. क्षाराचा पांढरा थर बसला की व्हिनेगर घातलेलं पाणी तासभर ठेवून धुवायचं.

गार धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र फक्त हवेत ओलावा वाढवतं. पावसाळ्यात आटगावच्या हवेत तो आधीच भरपूर असतो, म्हणजे ते पैसे वाया. नेब्युलायझर हे डॉक्टरांनी दिलेल्या औषधासाठी आहे. त्यात तुळशीचा काढा किंवा नीलगिरीचं तेल घालणं धोक्याचं, कारण तेलाचे बारीक थेंब थेट फुप्फुसात जातात. इलेक्ट्रिक कापूरदाणी वासापुरती ठीक, पण तान्ह्या बाळाच्या खोलीत नको. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे वड्याही हाताला लागतील अशा ठेवू नयेत.

वाफेने खरंच बरं वाटतं का?

थोडा वेळ नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे खरं. पण सर्दीवर गरम दमट हवेचा उपयोग तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्याला ठोस फायदा सापडलेला नाही. वाफेने कोरोनाचा विषाणू मरतो हा २०२१ मध्ये फिरलेला मेसेज तर निव्वळ चुकीचा होता. भाजण्याचा धोका मात्र पक्का. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये 'लॅन्सेट'ला कळवलं की वाफ घेताना भाजलेल्या मुलांचं प्रमाण त्यांच्याकडे तीसपट वाढलं होतं. आपल्याकडे चादर डोक्यावर घेऊन मांडीजवळ पातेलं ठेवायची पद्धत आहे. मूल हललं की उकळतं पाणी मांडीवर येतं.

म्हणून लहान मुलांना अशी वाफ देऊच नये. मोठ्यांनी यंत्र टेबलावर ठेवावं, चेहरा हातभर लांब ठेवावा आणि पाच-दहा मिनिटांत आटपावं. दमा असेल तर निलगिरी आणि पुदिन्याच्या उग्र वासाने श्वास उलट अडकू शकतो. त्यांनी नुसत्या पाण्याची वाफ घ्यावी आणि तीही डॉक्टरांना विचारून.

पाल्याबद्दल थोडं. तो सावलीत वाळवा, कडक उन्हात तेल उडून जातं. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या पाल्याला दोन-तीन दिवसांत बुरशी येते. कुबट वास आला किंवा पांढरी-काळी लव दिसली की फेकून द्या, पुन्हा वाळवून वापरू नका. ओव्याला ही कटकट नाही, अर्धा चमचा भरडून टाकला की काम होतं.

आणि कुणी भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. नळाला पाणी नसेल, जे शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात नवं नाही, तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको. चेहरा, मांड्या किंवा मोठा भाग भाजला असेल, किंवा भाजलेलं मूल असेल, तर १०८ ला फोन करा आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.